नक्कल जळाली, भिंत राहिली

अजिंठ्याची चित्रं तीन वेळा जळाली. पहिल्यांदा १८६६ मध्ये लंडनजवळच्या सिडनहॅमला, दुसऱ्यांदा १८८५ मध्ये लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनला आणि तिसऱ्यांदा १९२३ मध्ये टोकियोत. यातली एकही आग वाघूर नदीच्या काठावर लागलेली नाही. जळाल्या त्या सगळ्या नकला. मूळ चित्रं होती तिथंच, डोंगराच्या पोटात, वटवाघळांच्या संगतीत आणि थोडी थोडी झडत होती.

मी लातूरचा. धंद्यानं सॉफ्टवेअरवाला. बॅकअप, कॉपी, ओरिजिनल या शब्दांशी रोजचा संबंध आहे, म्हणून असेल, पण या तीन आगींबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळ्यात आधी हेच वाटलं की हा बॅकअपचा घोळ आहे. आमच्याकडे ३-२-१ असा एक साधा नियम असतो. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर ठेवा आणि त्यातली एक तरी लांब दुसऱ्या ठिकाणी ठेवा. ईस्ट इंडिया कंपनीनं आणि मागाहून ब्रिटिश सरकारनं प्रत लांब ठेवली हे खरं. पण ती एकच, एकाच छपराखाली आणि ज्यांच्या गावची चित्रं त्यांना ती कधी दिसणार नाही अशा जागी. पुढं वाचत गेलो तसं लक्षात आलं की हा नुसता बॅकअपचा प्रश्न नाही. नक्कल करायचं ठरवलं कुणी, हात कुणाचे राबले आणि नाव कुणाचं लागलं, हे सगळं त्या कॅनव्हासवर रंगाइतकंच पक्कं बसलेलं आहे.

सुरुवात लढाईपासून करावी लागते. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला, म्हणजे आताच्या जालना जिल्ह्यात, वेलस्लीनं शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईतले इंग्रजांचे जखमी अजिंठा गावच्या गढीत आणून ठेवले होते. लेणी तिथून काही कोसांवर. त्यांची दखल कुणी घेतली नाही, घ्यायला सवडही नसेल. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली. त्यानंतर मद्रासच्या फौजेतले अधिकारी या रानात शिकारीला फिरू लागले. त्यातलाच एक जॉन स्मिथ. २८ एप्रिल १८१९ ला तो दहाव्या लेणीत शिरला आणि आत एका खांबावर, तिथं रंगवलेल्या आकृतीवरच, त्यानं आपलं नाव, पलटण आणि तारीख कोरली.

ते नाव आजही तिथं आहे, पण बघायला मान वर करावी लागते. स्मिथ उंच नव्हता. त्या वेळी लेणीत कित्येक फूट माती-दगडांचा थर साचलेला होता आणि तो त्या थरावर उभा होता. पुढं माती काढली आणि नाव वर राहिलं. आपण शाळेच्या सहलीत ‘अजिंठ्याचा शोध जॉन स्मिथनं लावला’ असं पाठ केलेलं असतं. लेणापूरच्या लोकांना लेणी माहीत नव्हती असं कुणी म्हणणार नाही, गावाच्या नावातच लेणी आहे. स्मिथनं जे केलं ते म्हणजे जिंकलेल्या मुलखातल्या एका वस्तूवर तारीख टाकली. तिथून पुढं ती वस्तू कागदोपत्री आली.

कागदोपत्री आलेल्या गोष्टीवर माणसं हात मारायला येतात. मुंबईच्या विद्वान मंडळींपैकी डॉ. जेम्स बर्ड नावाच्या गृहस्थांनी सतराव्या लेणीतल्या चित्रातल्या काही आकृती भिंतीवरून सोलून काढायचा प्रयत्न केला. अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावर रंगवलेली नाहीत. माती, कोंडा, गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग, अशी ती रचना आहे. ती सोलली की हातात भुगा येतो. बर्ड यांच्या हातातही तेच आलं. बरं, हा माणूस लुटारू नव्हता, अभ्यासक होता. अभ्यासासाठीच त्यानं ते केलं. मला या सगळ्या गोष्टीत हा प्रसंग जास्त टोचतो, कारण त्यात दुष्टपणा नाही.

१८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन अजिंठ्याला येऊन गेला आणि १८४३ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढं लेण्यांवर निबंध वाचला. चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असं सोसायटीनं कंपनीच्या संचालकांना कळवलं. मद्रासच्या फौजेतला कॅप्टन रॉबर्ट गिल चित्रं बरी काढतो म्हणून १८४४ मध्ये त्याला या कामावर नेमलं. तो आला आणि जवळजवळ उरलेलं आयुष्य इथंच राहिला.

गिलची गोष्ट मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ ही दीर्घकविता लिहिली, २०१२ मध्ये नितीन देसाईंनी त्याच नावाचा सिनेमा काढला. गिल आणि पारो. अजिंठा गावात पारोची कबर आहे, तिच्यावर १८५६ साल आहे. महानोर त्याच भागातले, पळसखेडचे, त्यामुळं त्यांच्यासाठी ती गावातल्या माणसांची गोष्ट होती. मला ती कविता आवडते आणि सिनेमातला डोंगरही आवडतो. पण या प्रेमकथेनं एक केलं. अजिंठ्याच्या नकला म्हटलं की आपल्याला एक गोरा, एकटा, हळवा चित्रकार दिसतो. कंपनी सरकार दिसत नाही, पगार दिसत नाही, बैलगाडीतून मुंबईकडे निघालेल्या कॅनव्हासच्या गुंडाळ्या दिसत नाहीत.

गिलनं मोठमोठ्या तैलचित्रांत नकला केल्या आणि त्या लंडनला पाठवल्या. सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, काच आणि लोखंडाच्या त्या अजस्र हॉलमध्ये, त्या टांगल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली. जी बोटांवर मोजण्याइतकी चित्रं तिथं टांगलेली नव्हती तेवढी वाचली. वीस वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. गिल तोवर फोटोग्राफीकडे वळला होता. १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या पुस्तकात त्यानं काढलेले ७४ फोटो छापले गेले. आग लागली तरी तो अजिंठ्याचा परिसर सोडून गेला नाही. १८७९ मध्ये तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे.

यानंतर सरकारनं काय करावं? तेच पुन्हा केलं. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा जॉन ग्रिफिथ्स हिवाळ्याच्या हंगामात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागला. हे काम १८८५ पर्यंत, थांबत-चालत, सुरू होतं. मुलं मुंबईची, वीस-बावीस वर्षांची. लेण्यांत अंधार, बाहेर जंगल, हिवताप. शिड्यांवर बसून रेघ न् रेघ उतरवायची. पेस्तनजी बोमनजी त्यातले एक, पुढं ते मुंबईतले नावाजलेले चित्रकार झाले. बाकीच्यांपैकी बरेचजण तसेच विरून गेले. काम पूर्ण होईल तसं ते लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात जात होतं. १८८५ मध्ये तिथं आग लागली आणि शंभराहून अधिक चित्रं खराब झाली किंवा पार जळाली.

ग्रिफिथ्सनं १८९६-९७ मध्ये दोन जाडजूड खंडांत ही चित्रं छापली. मुखपृष्ठावर नाव ग्रिफिथ्सचं. आजही कॅटलॉगमध्ये बऱ्याच ठिकाणी ‘ग्रिफिथ्स आणि विद्यार्थी’ अशा धर्तीची नोंद असते. आमच्या धंद्यात याला वेगळं नाव नाही, प्रोजेक्ट मॅनेजरचं नाव स्लाइडवर असतं एवढंच. पण आमच्या कोडला निदान हिस्टरी असते, कुठली ओळ कुणी लिहिली ते एका कमांडमध्ये दिसतं. त्या कॅनव्हासवर कुठला हात कुणाचा हे आता शोधून काढायचं म्हणजे एक एक नोंद, एक एक पाठ, एक एक सही तपासावी लागते.

तसं तपासणारी माणसं आहेत. साउथ केन्सिंग्टनचं ते संग्रहालय म्हणजे आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. तिथल्या आशिया विभागाच्या क्युरेटर दिव्या पटेल यांनी आगीतून वाचलेल्या आणि वर्षानुवर्षं कोठारात पडून राहिलेल्या या नकलांचा अभ्यास केला. २००७ मध्ये ‘साउथ एशियन स्टडीज’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. अशा अभ्यासाची मौज मला फार वाटते. एरवी नक्कल म्हणजे दुय्यम, खोटी, असं आपण धरून चालतो. क्युरेटर तीच नक्कल समोर घेते आणि विचारते की ही कुणी पाठवायला सांगितली, कशासाठी, कुठं टांगली, का गुंडाळून ठेवली. मग ती नक्कल अजिंठ्याबद्दल कमी आणि साम्राज्याबद्दल जास्त बोलायला लागते. लंडनच्या हॉलमध्ये ती धर्मचित्र म्हणून टांगलेली नव्हती, आपल्या ताब्यातल्या देशात काय काय आहे याचा नमुना म्हणून टांगलेली होती.

आणि तरी, हे लिहायलाच हवं, काही चेहरे आज फक्त त्या नकलांमध्येच उरलेत. भिंतीवरचा गिलावा १८८० नंतरही पडत राहिला. म्हणजे मुंबईच्या कुण्या अनाम पोरानं १८७५ च्या जानेवारीत शिडीवर बसून जे उतरवलं, तेच आता मूळ. मी लातुरात गच्चीवर बसून फोनवर ते चित्र झूम करून बघतो. डोळ्याची पापणी एका ठिकाणी जरा जाड आलीय. ती पाचव्या शतकातल्या चित्रकाराची की त्या पोराची, सांगता येत नाही.

उलटी बाजूही आहे. नकला करणाऱ्यांनी रंग नीट दिसावेत म्हणून भिंतीवर व्हार्निश फासलं. तेव्हा चित्रं उजळली. पुढं व्हार्निश पिवळं पडलं, काळवंडलं, त्यावर धूळ आणि काजळी धरली. जतन करण्याच्या घाईत मूळ वस्तूचं नुकसान आणि जतन केलेली प्रत आगीत. यापेक्षा कडू विनोद मला सुचत नाही.

टोकियोचं थोडक्यात सांगतो. १९१० च्या दशकाच्या शेवटी अराई काम्पो आणि त्याचे सहकारी जपानहून येऊन नकला करून गेले. त्या १९२३ च्या कांतो भूकंपाच्या आगीत गेल्या. तिथं साम्राज्य नव्हतं, भूकंप होता. भूकंपाबद्दल लातूरकराला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता जो भाग आमच्याकडे चारचौघांत बोलायला जरा जड जातो, तो. हा सगळा काळ अजिंठा इंग्रजांच्या थेट राज्यात नव्हता, निजामाच्या राज्यात होता. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानानं स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम यझदानी यांना त्याचं प्रमुख नेमलं. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याला आली तेव्हा कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार आले होते, तसेच हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीनही होते. सय्यद अहमद पुढं लेण्यांचेच क्युरेटर झाले. १९२० ते २२ मध्ये यझदानींच्या खात्यानं इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघांना बोलावून भिंती स्वच्छ करून घेतल्या, सुटलेला गिलावा घट्ट बसवून घेतला. त्यांनीही वर लाखेचा हात दिला आणि तोही कालांतरानं काळवंडला. तो काढायचं काम भारतीय पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ पुढं अनेक दशकं करत राहिले. पण सुटलेला गिलावा त्या वेळी भिंतीला धरून ठेवला नसता तर आज काढायला लाखही उरली नसती. यझदानींनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ काढला. मधे संस्थानच संपलं, तरी काम चालू राहिलं.

लातुरात निजाम म्हटलं की हा यझदानी कुणाला आठवत नाही. आठवतात रझाकार. साहजिक आहे. कासीम रझवी लातूरचाच वकील. माझे आजोबा त्या वर्षी सात-आठ वर्षांचे, घरातली भांडी विहिरीत टाकून रात्री चालत सोलापूरच्या हद्दीत गेल्याचं सांगायचे. सतरा सप्टेंबरला आम्ही झेंडा लावतो तो त्या रात्रींसाठी. आणि सप्टेंबर १९४८ नंतरच्या आठवड्यांत याच भागात मुसलमानांच्या वाट्याला जे आलं, तेही सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे आणि लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. आजोबा त्याबद्दल विचारलं की विषय बदलायचे. चहा मागायचे.

या दोन आठवणींच्या मधे यझदानींना जागा कुठं द्यायची? चार वर्षांपूर्वी एका ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं की अजिंठ्याच्या भिंती वाचवण्यात हैदराबाद संस्थानच्या खात्याचा मोठा वाटा आहे. त्यावर जे आलं ते इथं लिहीत नाही. मजा अशी की ते टाइप करणारे निम्मे लोक गंजगोलाईत दुकानं असलेले. गोलाईच्या मधल्या इमारतीची आणि तिच्याभोवती फुटणाऱ्या रस्त्यांची आखणीही संस्थानच्याच काळातली. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराची, साल १९१७. माझ्या मते राजवट जुलमी होती हे आणि तिच्या एका खात्यानं नीट काम केलं हे, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. असं म्हटल्यानं आजोबांनी विहिरीत टाकलेली भांडी परत येत नाहीत आणि त्यांचं दुःखही कमी होत नाही.

जुलै २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याला आली. त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून, तीन वर्षांच्या उसनवारीवर. ती ग्रँट डफकडून तिथं गेली होती, १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट म्हणून बसलेला तो ग्रँट डफ. हीच ती वाघनखं का, याची खात्री देता येत नाही, असं संग्रहालय स्वतःच सांगतं. तरी रांगा लागल्या, स्टेटस लागले. मी त्याला हसत नाही, वस्तूच्या जवळ जाऊन उभं राहावंसं वाटणं ही मला मोठी गोष्ट वाटते. फक्त त्याच इमारतीच्या कोठारात मराठवाड्यातल्या भिंतींवरचे चेहरे आहेत आणि मुंबईच्या मराठी-पारशी-गुजराती पोरांनी ते उतरवलेत, हे एकाही भाषणात आलं नाही. वाघनखांना शत्रू आहे, गोष्ट आहे. नकलेला काय आहे? मागायचं तरी कुणी आणि कुणाच्या नावानं?

एक वस्तू अशीही आहे जी न लुटता गेली. लातूरहून तासा-दीड तासावर तेर आहे, गोरोबाकाकांचं तेर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाची पेठ सांगितली आहे, ती हीच. तेरला रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्यानं पांढरीच्या मातीतून वर येणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. मणी, मृण्मूर्ती, नाणी, हस्तिदंत. तो संग्रह आज तिथल्या सरकारी संग्रहालयात आहे आणि त्यात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. अगदी तिच्या बहिणीसारखी दिसणारी एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईला सापडली. इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीत ती राखेखाली गेली होती, आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. कुणीतरी ती विकली, कुणीतरी घेतली, जहाजातून गेली. तिला परत आणा असं मला कधी वाटत नाही. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांची चित्रं मात्र इथं यावीत असं वाटतं, निदान एका पावसाळ्यापुरती, छत्रपती संभाजीनगरला. का वाटतं याचं मी बरेच दिवस उत्तर शोधतोय. तेरच्या माणसानं किंमत घेतली होती, हे एक कारण असावं.

गेल्या डिसेंबरात खरोशाला गेलो होतो. औसा तालुक्यात, निलंग्याच्या रस्त्याला. सहाव्या शतकाच्या आसपासची लेणी, जांभ्या दगडातली. जांभा मऊ, त्यामुळं मूर्तींचे चेहरे साबणासारखे झिजलेत. जेम्स बर्जेस १८७५-७६ च्या हंगामात या भागात येऊन गेला आणि १८७८ मध्ये छापलेल्या त्याच्या अहवालात खरोशाची नोंद आहे. त्या वेळी हा मुलूख बीदर जिल्ह्यात होता, म्हणून आमची लेणी शोधायला ‘बीदर’ शब्द घालावा लागतो. इथं कुणी गिल आला नाही, पारो नाही, सिनेमा नाही. म्हणून आगही नाही.

फोनमधल्या एका ॲपनं दगड सगळ्या बाजूंनी टिपला की त्याचं त्रिमितीय मॉडेल तयार होतं. मी एका कोपऱ्यातला शिल्पपट तसा टिपत होतो. बकऱ्या राखणारा एक पोरगा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “दादा, हे कुठं जाणार?”

“क्लाउडवर,” म्हणालो.

“म्हंजी कुठं?”

सर्व्हर सिंगापूरला होता. मी त्याला ते सांगितलं. त्यानं मान हलवली आणि विचारलं, मग आमच्या मोबाइलात दिसंल का. त्याचा फोन घेतला, ॲप टाकलं. रेंज येत नव्हती, म्हणून तीनशे एमबीची ती फाइल त्याच्या फोनमध्ये ब्लूटूथनं पाठवत आम्ही दोघं लेणीच्या तोंडाशी बसून राहिलो. बकऱ्या तोवर वर गेल्या होत्या.